भिवा मेस्त्रींचा आडोसा

भिवा मेस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी पाठ टेकायला भिंत शोधत. भिंतसुद्धा अशी हवी, की जिच्यावर फळी नाही, फळीवर डबे नाहीत, कोनाड्यात समई नाही. तशी सापडली तर बसत, नाहीतर उभ्याउभ्याच चार शब्द बोलून निघून जात. शेजारच्या एका लग्नात नवरीच्या पाठीमागे आहेराच्या हंड्यांची उतरंड लावून ठेवली होती. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मेस्त्री उठले. एकेक हंडा उचलून अंगणात नेऊन ठेवायला लागले. नवरीच्या मामाने दंड धरून विचारलं, हे काय चाललंय. मेस्त्रींनी दंड सोडवून घेतला आणि खालचा शेवटचा हंडा बाहेर गेल्यावरच मांडवात येऊन अक्षता टाकल्या. मी तोंडावर रुमाल धरून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मी तेव्हा मालवणात नवा होतो. हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर म्हणून मिरजेकडून आलेलो, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरचा. सिंधुदुर्ग हे तेव्हा फक्त समुद्रातल्या किल्ल्याचं नाव होतं, जिल्हा आमचा रत्नागिरीच. खोली घेतली ती खाडीच्या अंगाला, मेस्त्रींच्या कारखान्याला लागून. कारखाना म्हणजे चार माडांमध्ये घातलेली झापांची, म्हणजे विणलेल्या झावळ्यांची शाकारणी, लाकडांचे ढीग, आणि तिथून पाण्यापर्यंत उतरत गेलेली लाकडी ओंडक्यांची घसरण. एके काळी तिच्यावरून गलबतं पाण्यात जात. माझ्या वेळी पाण्याकडे तोंड करून काहीच उभं नसे. रस्त्याकडे तोंड करून ट्रक उभे असत.

त्या काळी ट्रक अर्धाच यायचा. चाकं, इंजिन आणि लोखंडी सांगाडा, एवढंच. ड्रायव्हर एखाद्या खोक्यावर बसून, धूळ खात तो सांगाडा हाकत आणायचा आणि बाकीची गाडी, म्हणजे मालाचा हौदा आणि ड्रायव्हरची केबिन, गावचे सुतार लाकडात बांधत. गलबतांची कामं आटली तेव्हा मेस्त्री या कामाला लागले. कणकवलीपासून खाली समुद्रापर्यंत त्यांच्या हाताची गाडी ओळखू यायची म्हणतात. मला ती ओळखता आली नाही कधी, पण लाकूड मला कळतं कुठे?

त्यांचा हात मात्र मी पाहिला आहे. उजव्या हाताची मधली दोन बोटं ते रंधलेल्या फळीवरून डोळे मिटून फिरवत. "हातान बघूचां, डोळे फसवतत," हे त्यांचं नेहमीचं. माझ्या एका चित्रावरूनही त्यांनी तशीच बोटं फिरवली आणि चित्र परत दिलं. नावाजलेला चित्रकार होण्याची माझी उरलीसुरली आशा त्या दिवशी संपली.

आणखी एक गोष्ट मला खटकायची. मेस्त्रींच्या घरी चहा मिळायचा, काजू मिळायचे, पान मिळायचं, पण सुपारी मिळायची नाही. अंगणात पोफळी असून सुपारी नाही. पाहुण्याने मागितली तर मेस्त्री ऐकलंच नाही असं करत. मी मनात म्हणायचो, चिकटपणाला पण काही सुमार असतो.

त्यांची बहीण सरू दोन कुंपणं सोडून राहायची. नवरा लवकर गेलेला. तिचे दोन मुलगे, गणपत आणि वसंत, मेस्त्रींनीच वाढवले. त्यातला गणपत मी यायच्या आधीच वारला होता. वसंत मामाच्या कारखान्यात हाताखाली होता. पण सरूबाई भावाशी एक शब्द बोलत नसे. चतुर्थीला सगळ्या वाडीत तिच्या घरून करंज्या जात, मेस्त्रींकडे जात नसत. वाटेत समोरासमोर आली तर ती कडेला होऊन माडाकडे बघत उभी राही आणि मेस्त्री मान खाली घालून पुढे जात. मी जमिनीचा तंटा असेल असं धरून चाललो होतो. कोकणात भावाबहिणीचं वाजलं की आपण जमीनच धरून चालतो.

खरी गोष्ट मला बाबी तांडेलाने सांगितली. बाबी म्हणजे मेस्त्रींचा जुना सोबती, स्वतःची होडी असलेला, जाळी विणण्यात पटाईत. मी सुपारीवरून काहीतरी बोललो, तेव्हा हातातली जाळ्याची सुई खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग बोलायला लागला.

मेस्त्री गलबत बांधत तेव्हा आतली जमीन रंधून रंधून गुळगुळीत करत आणि तिला मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल पाजत. काम झालं की फळीवर एक सुपारी ठेवायची. फळी जराशी कलती केली आणि सुपारी कुठे न अडखळता घरंगळत गेली की काम पास. गावात त्याचा केवढा बोलबाला. ट्रकची कामं आली तेव्हाही त्यांनी तेच केलं. ट्रकच्या हौद्याची फळी तशीच रंधली, तसंच तेल पाजलं आणि गाड्यांचे मालक असलेल्या शेटच्या नव्या गाडीत चार लोकांसमोर सुपारी सोडून दाखवली. सुपारी मागच्या फळीपासून निघाली ती केबिनला जाऊन टेकली. लोकांनी वाहवा केली. त्या गाडीवर ड्रायव्हर कोण, तर भाचा गणपत. मामाने बांधलेली गाडी म्हणून तो तिला नव्या नवरीसारखी जपायचा.

सहा महिन्यांनी कसालकडून जांभ्या दगडाचे चिरे भरून येताना कट्टा गावाच्या अलीकडच्या उतारावर समोर म्हैस आली. गणपतने ब्रेक दाबला. गाडी थांबली, म्हैस वाचली. हौद्यातले चिरे थांबले नाहीत. तेल प्यायलेल्या फळीवरून ते सगळे पुढे आले आणि केबिनची पाठची पातळ फळी फोडून आत शिरले.

बाबीने एवढंच सांगितलं आणि सुई उचलली. मी घरी आलो. त्या दिवसापासून मेस्त्रींच्या घरी मी पानानंतर सुपारीसाठी हात पुढे करणं सोडून दिलं.

मेस्त्री स्वतः याबद्दल माझ्याशी एकदाच बोलले, तेही पुष्कळ नंतर, माझ्याकडे एक काम घेऊन आले तेव्हा. दारात उभे राहिले, माझ्या खोलीतल्या भिंती बघितल्या, पुस्तकांची फळी बघितली आणि उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "होडयेक ब्रेक नसता, मास्तरांनू. ती थांबता ती हळूहळू. गाडी एकदम थांबता, आणि आतलो माल थांबणा नाय. ह्यां माका कोणी सांगूक नाय, आणि माका सुचूक नाय." मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. त्यांनी ते ऐकलं नाही, कारण ते समजूत घालून घ्यायला आलेच नव्हते. त्यांना चित्र काढून हवं होतं.

झालं होतं असं, की वसंतने गुपचूप लायसन काढलं होतं. मामाला विचारलं नाही, आईला सांगितलं नाही. आणि त्याच शेटच्या, त्याच चिऱ्यांच्या गाडीवर तो ड्रायव्हर म्हणून लागणार होता. केबिन नवी बसवली होती, हौदा तोच. मेस्त्रींनी त्याला बसवून सांगून पाहिलं, दरडावून पाहिलं. वसंत म्हणाला, रंधा धरून पोट भरत नाही मामा, आणि सुतारकीत आता काय उरलंय? मग मेस्त्री सरळ जाऊन शेटच्या गाडीत चढले आणि तासणीने हौद्याच्या फळीवर आडवे घाव घालायला लागले. आपण रंधलेली ती फळी त्यांनी दिवसभरात खरबरीत करून टाकली, वर आडव्या पट्ट्या ठोकल्या. शेट ओरडत आले, पण मेस्त्रींच्या हातात तासणी बघून अंतरावरच थांबले.

पट्ट्यांनी खालचे चिरे अडले असते, वरच्या थरांचं काय? ते तर उडूनच आले असते. तेव्हा ड्रायव्हरच्या पाठीशी काहीतरी आडोसा हवा. मेस्त्रींच्या तोंडी तो 'आडोसो'. पुढची दोन वर्षं या माणसाच्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. वसंत रोज त्या गाडीवर जात होता आणि रोज संध्याकाळी तिचा हॉर्न ऐकू येईपर्यंत मेस्त्रींच्या हातून एक खिळा सरळ बसत नसे.

प्रयोगासाठी त्यांनी जुनी घसरण पुन्हा वापरायला काढली. ओहोटीला खालचा चिखल उघडा पडे, तिथे केबिनची चौकट रोवली. आत कोंड्याचं पोतं बसतं ठेवलं, त्यावर सोललेला नारळ. हा ड्रायव्हर. वरून चिरे भरलेला एक लाकडी गाडा घसरणीवरून सोडायचा. खाली आडव्या ओंडक्याला तो थडकला की थांबे आणि चिरे सुटून चौकटीवर येत. आधी दोन इंची फणसाची फळी लावली. फळी फुटली आणि तिचीच कपची नारळात घुसली. मग लोखंडी सळ्या लावल्या. त्या आत वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या, दोन सळ्यांमधून चिरा आत. मग काथ्याच्या दोरांचं जाळं. ते पहिल्या घावाला टिकलं आणि दुसऱ्याला तुटलं. ओहोटीची वेळ बघून माणसं जमायला लागली. मेस्त्रीचा नारळ आज फुटतो का बघू, म्हणून शाळेतले आमचे हेडमास्तरसुद्धा एकदा येऊन गेले.

एकदा कुणीतरी गमतीने त्या नारळावर ड्रायव्हरची खाकी टोपी ठेवली. लोक हसले. मेस्त्री गाडा सोडायला वर उभे होते. त्यांनी ती टोपी पाहिली, हातातला दोर खुंटीला बांधून टाकला आणि घरी निघून गेले. पुढे पंधरा दिवस त्यांनी घसरणीकडे पाऊल टाकलं नाही. टोपी कुणी ठेवली ते मला माहीत आहे, तो मी नव्हतो, पण हसणाऱ्यांत होतो. मघाशी सांगितलेल्या लाजेत ही दुसरी मिळवा.

चित्रासाठी माझ्याकडे ते आले ते याच सुमारास. म्हणाले, सगळं डोक्यात आहे, कागदावर दिसलं तर चूक सापडेल. मी मोठ्या हौसेने समोरून, बाजूने, वरून अशी तीन चित्रं काढली, चिऱ्यांना छान छाया दिली. मेस्त्रींनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "मास्तरांनू, ह्या चित्रात चिरे गप बसलेत. माका धावणारे चिरे होये." कुठल्या परीक्षेसाठी मला कुणी धावणारे चिरे काढायला शिकवलं नव्हतं.

मार्ग निघाला तो बाबी तांडेलाच्या ओसरीवर. बाबी नायलॉनचं जाळं दुरुस्त करत होता. काही वर्षांपूर्वी मुंबईहून हे नायलॉन आलं तेव्हा गावात त्याला सगळे प्लास्टिकचं सूत म्हणत आणि नाकं मुरडत. मेस्त्रींनी जाळ्याचा एक पदर पायाखाली धरला आणि दोन्ही हातांनी वर ओढला. तो ताणला गेला, सोडल्यावर परत आला. त्यांनी पुन्हा ओढला. बाबी म्हणाला, जाळं फाडतोस की काय. मेस्त्री ओढतच राहिले. लाकूड अडवायचं आणि फुटायचं, लोखंड अडवायचं आणि वाकायचं, काथ्या अडवायचा आणि तुटायचा. हे अडवत नव्हतं. थोडं मागे जात होतं, धक्का जिरवत होतं आणि मग धरून ठेवत होतं.

बाबीने करंगळीएवढ्या जाड नायलॉनच्या दोराचं जाळं विणून दिलं. डोळा, म्हणजे जाळ्याचं भोक, असा ठेवला की चिऱ्याचं तोंडसुद्धा आत येऊ नये. चारी कडांना मेस्त्रींनी सागाच्या चौकटीत गाठी मारल्या, गलबताच्या शिडाला मारतात तशा, ओढ बसली की आणखी घट्ट होणाऱ्या. ओहोटीला गाडा सोडला. चिरे आले, जाळं पोटासारखं फुगलं, नारळाला जेमतेम शिवलं आणि मागे गेलं. नारळ जागेवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेस्त्री खाली उतरून आले आणि जाळं किती फुगलं ते वितीने मोजत बसले. एक वीत आणि चार बोटं. म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागे तेवढी जागा मोकळी सोडायला हवी. मग त्यांनी पोतं आणि नारळ काढला आणि आपण तिथे पाठ करून बसले. बाबीला म्हणाले, सोड. बाबीने साफ नाही म्हटलं, मी हात जोडले. शेवटी त्यांच्याच हाताखालच्या माणसाने दोर सोडला. गाडा वरून सुटल्याचा आवाज झाला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मेस्त्री बसलेलेच होते. पाठीवर जाळ्याचा ठसा उमटला होता, तो पुढे महिनाभर दिसत होता.

शेट ऐकायला तयार नव्हते. मोकळ्या सोडलेल्या वितीएवढ्या जागेमुळे चिऱ्यांची एक रांग कमी बसत होती. म्हणाले, "मेस्त्री, माजी गाडी चिरे व्हावता, मासे पकडणा नाय." गाड्या पास करणारे साहेब आले, त्यांनी जाळं बोटाने दाबून पाहिलं, माझी चित्रं उलटीसुलटी धरून पाहिली आणि नियमात प्लास्टिकच्या आडोशाबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून आपण हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, असं शुद्ध मराठीत सांगून नारळपाणी पिऊन गेले. तेव्हा मेस्त्रींनी शेटना निरोप धाडला, की आडोसा लागणार नसेल तर तुमच्या एकाही गाडीच्या खिळ्याला मी हात लावणार नाही. पंचक्रोशीत दुसरा मेस्त्री होता कुठे? शेटनी कपाळावर आठ्या घालून रांग सोडली.

उरला वसंत. रस्त्यावरचे बाकीचे ड्रायव्हर जाळं बघून त्याला विचारत, आज बांगडा मिळाला की पेडवे. तरणा पोरगा, त्याला ते झोंबायचं. गावाबाहेरच्या वळणावर तो गाडी थांबवी, जाळं सोडून सीटखाली कोंबी आणि परत येताना वळणावरच बांधी. महिनाभर हे चाललं. गाठ वेगळी दिसली म्हणून मेस्त्रींना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचा खांद्यावर टाकून वसंतच्या शेजारी केबिनमध्ये चढून बसले. कसालच्या खाणीपर्यंत गेले, चिरे भरताना उन्हात बसले, परत आले. तिसऱ्या दिवशीही, चौथ्याही. कारखान्यात दोन गाड्या अर्धवट उभ्या होत्या. वसंत म्हणाला, "मामा, माका लोक हसतत." मेस्त्री समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "हसांदेत." आठवड्याने वसंतनेच हात टेकले. जाळं सोडणार नाही म्हणून देवाची शपथ घेतली, तेव्हा मेस्त्री उतरले.

मला त्या दिवसांत मेस्त्रींचा राग यायचा, हे कबूल करतो. मेलेल्याला किती धरून बसायचं? जिवंत पोराला मोकळा श्वास तरी घेऊ द्यावा. असं मी बाबीजवळ बोललोही. बाबी म्हणाला, तुम्हाला मूल झालं की बोलू.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागलेली, मी ओट्यावर पेपर तपासत बसलो होतो. दुपारी शेटचा ट्रक हॉर्न न वाजवता कारखान्यात शिरला. वसंत खाली उतरला. तोंड पांढरं पडलेलं. त्याच उतारावर, वळणापलीकडे एस.टी. बंद पडून उभी होती, दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने पूर्ण ब्रेक दाबला. वरचे दोन थर सगळेच्या सगळे पुढे आले. ते तसेच घेऊन तो आला होता. जाळं चिऱ्यांनी भरून फुगलेलं, एका कोपऱ्यात सागाची चौकट चिरलेली, आणि सीटची पाठ आणि जाळं यांच्यामध्ये चार बोटं जागा शिल्लक.

आम्ही सगळे धावलो. बाबीने वसंतला मिठी मारली, मी मेस्त्रींचा हात धरून हलवला, कुणीतरी गूळ आणायला पळालं. मेस्त्री हात सोडवून केबिनमध्ये चढले. जाळ्यावर ती दोन बोटं ठेवली, एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर नेत गेले. मग खाली उतरले, चाकाशी जमिनीवरच बसले. त्यांच्या पाठीशी चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता आणि ते त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"म्हणजे गणपत वाचलो असतो," ते म्हणाले.

गूळ आणणारा गूळ हातात घेऊन उभा राहिला. दोन वर्षं आम्ही समजत होतो, की आडोसा जमला की हा माणूस सुटेल. तो जमला आणि त्यानेच सिद्ध करून दिलं, की गणपतचं मरण नशिबात वगैरे नव्हतं. टाळता येण्यासारखं होतं.

बातमी वाडीत पसरायला वेळ लागत नाही. चिरे उतरवून होईपर्यंत सरूबाई आली. सहा वर्षांनी ती त्या कुंपणातून आत आली. आधी वसंतच्या तोंडावरून, छातीवरून हात फिरवला. मग ट्रकशी गेली, पदर खोचला आणि केबिनच्या पायरीवर चढली. जाळ्याच्या डोळ्यात बोटं घालून ओढून पाहिलं. तशीच पायरीवर उभी राहून, भावाकडे न बघता तिने विचारलं, "ह्यां नायलॉन गणपत होतो तेव्हा गावात इल्लां?"

बाबीने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना उत्तर माहीत होतं. बाबीनेच मला सांगितलं होतं, की गणपत जायच्या आधीच्या पावसात आपण पहिली नायलॉनची दोरी आणली, मेस्त्रींना दाखवली, आणि मेस्त्रींनी ओढून पाहून ती परत फेकली होती. जो दोर ताणतो तो दोर कसला, म्हणाले होते. हे सरूला माहीत नव्हतं, माहीत होण्याचं कारणही नव्हतं. नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, या माणसाला एकदा तरी खोटं बोलू दे.

"इल्लां," मेस्त्री म्हणाले. "बाबीकडे मी हातात घेवन वडून बघलेलंय."

सरूबाईने जाळ्यातून बोटं काढून घेतली. रडली नाही. खाली उतरली आणि पहिल्यांदाच भावाच्या समोर येऊन उभी राहिली. वाटलं, आता तळतळाट देणार. तिचा आवाज मात्र नेहमीसारखा होता.

"मगे आता आयक. वसंत रोज गाडी काढता. ती काढूच्या आदी हेच्या एकेका गाठीक तुजो हात लागूक होयो. रोज. तू जिवंत आसस तोपर्यंत."

मेस्त्रींनी मान हलवली. ती वसंतला घेऊन घरी गेली. हे माफ करणं होतं की शिक्षा होती, यावर मी आणि बाबी पुष्कळ दिवस वाद घालत होतो. त्या वर्षीच्या चतुर्थीलाही मेस्त्रींकडे करंज्या आल्या नाहीत. पण वाटेत भेटली की सरूबाई आता माडाकडे बघत नसे. आज बघितल्यास का गाठी, असं विचारी, आणि मेस्त्री बघितल्या म्हणत. भावाबहिणीचं एवढंच बोलणं मी ऐकलं आहे.

शेटच्या बाकी गाड्यांना आडोसा बसला नाही. दुसऱ्या कुणीही तो मागितला नाही. माझी तीन चित्रं मेस्त्रींच्या पेटीत पडून राहिली.

दोनेक वर्षांनी माझी बदली कोल्हापूरला झाली. आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेलो तर मेस्त्री म्हणाले, एस.टी.त ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसू नका, आणि वर टपावर काय बांधलंय ते बघून घ्या. बस सकाळची होती. खाडीच्या वळणावर कारखान्यासमोर शेटचा ट्रक रस्त्यात अर्धा आलेला होता, म्हणून आमची बस थांबली. वसंत इंजिन चालू ठेवून बसला होता. मेस्त्री केबिनच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून उभे होते. खूप वाळले होते, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं असं बाबी सांगायचा. उजव्या हाताची ती दोन बोटं जाळ्याच्या कडेने एका गाठीवरून दुसरीवर सरकत होती. आमच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, वसंतने मागे वळून खूण केली, थांबा म्हणून. कुंपणाशी सरूबाई उभी होती. आमच्या ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. मेस्त्रींची बोटं खालच्या कोपऱ्यातल्या एका गाठीवर थांबली, तिथून परत वर गेली, आणि त्यांनी ती बाजू पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतली.